फुंकरबाईची स्वच्छता

सगळा कारखाना तिला फुंकरबाई म्हणायचा, आणि कारखान्याचं ऐकून आमची इमारतही म्हणायला लागली. ही बाई कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, मग ओठांचा चंबू करून तिच्यावर फुंकर घालायची. चष्मा, किल्ली, कात्री, शेजारणीकडून आलेली वाटी. एकदा मी तिला माझं वर्तमानपत्र वाचायला दिलं, तर तेही पुसून परत आलं. पहिल्या पानावरच्या पुढाऱ्याचं नाक पार गेलं होतं.

"बाई, नाक कुठाय याचं?" मी विचारलं.

"फार ठिकाणी खुपसत होता," ती म्हणाली. "तुमचंही द्या इकडे काका, पुसून देते."

मी तिच्या खालच्याच मजल्यावर राहतो. वरचं भांडण ऐकायला मला कान लावावा लागत नाही, उलट ऐकायचं नसेल तर कान झाकावे लागतात. तसा प्रसंग फारसा येत नाही म्हणा. मला ऐकायचंच असतं.

तर ही बाई तीस वर्षं एकाच कारखान्यात. तिथं दोन शेड, आणि मधोमध स्पिरिटचं कोठार. कोठाराला दोन कुलपं, एक मालकाचं, एक सरकारी निरीक्षकाचं, म्हणजे दोघांनी मिळूनच उघडायचं आणि एकमेकांवर डोळा ठेवायचा. डावीकडच्या शेडमध्ये औषधं: खोकल्याचं पातळ औषध, जखमेवरचं टिंक्चर, गुळण्यांचं पाणी, सुई टोचण्याआधी दंडाला लावतात ते थंडगार स्पिरिट. उजवीकडच्या शेडमध्ये नट्टापट्टा: कलोन, दाढीनंतर गालाला लावायचं पाणी, केसांचं टॉनिक, फवाऱ्याची अत्तरं. लोकांना वाटतं, खोकल्याचं औषध आणि अत्तर यांचं नातं काय? अहो, सख्खी भावंडं आहेत ती. झाडपाल्याचा जो अर्क पाण्याला दाद देत नाही तो स्पिरिटात मुकाट्यानं उतरतो, आणि जो वास पाण्यात मिसळता मिसळत नाही तोही. दोघांची आई एकच, कोठारातली.

फुंकरबाई औषधाच्या बाजूची. बाटल्या भरायच्या यंत्राच्या तोट्या दर खेपेआधी स्पिरिटनं पुसायच्या, हे तिचं काम. एक तोटी राहिली तर पुढच्या हजार बाटल्यांत जंतू, असं तिच्या पहिल्या साहेबानं तिच्या मनावर बिंबवलं होतं. ते इतकं बिंबलं की तिचा मुलगा जन्मला तेव्हा त्याच्या दुधाच्या बाटलीचं चोखायचं रबरी बूचही ती तसंच पुसायची. पुसायचं, फुंकर मारायची, वाळलं की पोराच्या तोंडात. "स्पिरिट उडून जातं, जंतूंना घेऊन जातं," हा तिचा मंत्र. मुलगा धष्टपुष्ट झाला. आता बस चालवतो, आणि सीटवर मावत नाही. एवढा पुरावा पुढ्यात बसून जेवत असताना कुठल्या आईनं शंका घ्यावी?

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी संप केला. औषधाच्या बाजूला दिवसभर उभं राहावं लागतं, म्हणून साहेबांनी तिला उजव्या शेडमध्ये, कलोनच्या टेबलावर बसून करायचं काम दिलं. तिथल्या स्पिरिटमध्ये मात्र एक गंमत असते. ते कोठारातून बाहेर पडायच्या आधीच निरीक्षकासमोर त्यात चिमूटभर पावडर टाकतात. कडू. किती कडू? कारलं हे तिच्यापुढे गोडाचं जेवण. कुणी कलोन प्यायला जाऊ नये म्हणून ती सोय. जुन्या काळी ती नव्हती, तेव्हा रात्रपाळीचा वॉचमन केसांचं टॉनिक प्यायचा. सकाळी तो गेटवर गाणी म्हणायचा, आणि केस मात्र होते तेवढेही राहिले नाहीत. कडू आल्यावर त्यानं सवयीनं एक घोट घेतला आणि आठ दिवस त्याला पाणीसुद्धा कडू लागलं. हा किस्सा फुंकरबाईनं स्वतः मला हसत हसत सांगितला होता. म्हणजे कडूची गोष्ट तिला ठाऊक होती, हे लक्षात ठेवा. ती काही बोळ्यानं दूध पिणारी बाई नव्हती.

उजव्या शेडमध्ये खेप सुरू होताना पहिल्या चार-दोन बाटल्या बाद करतात. त्या कामगारांनी घरी न्यायला कुणाची हरकत नसते. फुंकरबाईचा बोळा आता त्यात बुडायला लागला. इमारतीत तिच्या आधी तिचा वास यायचा, लिंबाच्या सालीचा, आणि मी म्हणायचो, "आली बघा नवरी." ती म्हणायची, "नवरदेवाचं वय बघा आधी."

हसणं इथपर्यंतच होतं.

सुनेला दिवस गेले होते. सून शाळेत चित्रकला शिकवते, बारीक, हळू बोलणारी. त्याआधी दोन वेळा तिचं अर्ध्यात राहिलं होतं. या वेळीही बाळानं घाई केली. मुलगी, वजन दीड किलोच्या आसपास. तीन आठवडे हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीत. तिथं आजीला प्रवेश नव्हता. ती बाहेरच्या बाकड्यावर बसून बाकडं पुसायची. आत नर्स बाळाला चमच्यानं पाजत, मग बाटलीनं, मग आईच्या अंगावर. बाळ पीत होतं. वजन वाढलं तसं घरी सोडलं. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाजूक आहे, जंतूंना जपा. स्वच्छता ठेवाल ना?"

"आमच्याइतकी कुणी ठेवत नाही," आजी म्हणाली. आणि ते खरं होतं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बाळानं तोंड फिरवलं.

आधी वाटलं, झोप आली असेल. मग वाटलं, पोटात दुखत असेल. बाटली तोंडाशी नेली की पोर एकदा ओढायची, चेहरा चुरगळायचा, आणि असं किंचाळायची की माझ्या हातातला चहा हिंदकळायचा. आई पदराखाली घ्यायची तरी तेच. आजी प्रत्येक वेळी बोळा भिजवून सुनेच्या हातात द्यायची, "आधी पुसून घे ग, बाहेरून आलीयस." सून बिचारी छाती पुसून घ्यायची. चमचा, वाटी, बूच, सगळं आजी स्वतः पुसायची आणि फुंकर मारायची. जितकं बाळ पिईना, तितका आजीला जंतूंचा संशय. जितका संशय, तितकं पुसणं. दिवसातून आठ वेळा हा खेळ, आणि आठही वेळा पोर हरायची.

आता माझं पाप सांगतो. एका सकाळी जिन्यात फुंकरबाईनं मला गाठलं. डोळे लाल.

"काका, कुणाला बोलू नका. सुनेचं दूधच बाळाला मानवत नाही. हॉस्पिटलात नर्सच्या हातून पीत होती, घरी आईच्या हातून पीत नाही. याचा अर्थ काय?"

"तुम्हीच सांगा."

"काळजी करून करून दूध नासलंय तिचं. आणि वरचं देते तेही नीट करत नाही ती. हातच तसा आहे."

मी कुणाला बोललो नाही. फक्त तळमजल्यावरच्या शिंप्याला बोललो. शिंप्याच्या दुकानातून ही बातमी दुपारपर्यंत इमारत चढून पुन्हा त्यांच्याच दारात गेली. संध्याकाळी सून भाजी घेऊन आली, तेव्हा शिंप्याच्या बायकोनं तिला जिरं चावून खायचा सल्ला दिला, "दूध गोड होतं म्हणे." सून जिना चढली. माझ्या दारासमोर क्षणभर थांबली. मी दार उघडलं नाही.

पंधरा दिवसांत बाळाचं वजन वाढायचं सोडून उतरलं. पुन्हा हॉस्पिटल, रक्त तपासलं, पोट तपासलं, काही सापडलं नाही. नाकातून बारीक नळी घालून दूध सुरू केलं. आजीही या वेळी खाटेशी होती, बोळा पर्समध्ये. नळी गालावर चिकटवूनच बाळाला घरी पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी फुंकरबाईच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "आधी तोंडानं पाजून बघायचं, उरलेलं नळीनं. एका वेळचं पस्तीस मिली. पण नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. दहा दिवसांत तोंडानं सुरू झालं नाही, तर मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल. पोटाला छेद देऊन नळी बसवतात."

"एवढ्याशा जिवाला भूल?" मुलानं विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणूनच दहा दिवस."

त्या रात्री बसवाल्यानं जिन्यात बसून मला हे सांगितलं. एवढा आडवातिडवा गडी, दोन पायऱ्या अडवून बसलेला, आणि आवाज मात्र लहान मुलासारखा. "दोन गेली काका. ही पण गेली तर ती वेडी होईल." ती म्हणजे बायको. मग म्हणाला, "आई पण."

दहातला दुसरा दिवस. सकाळची वेळ. हे पुढचं मी छतातून ऐकलं, आणि उरलेलं नंतर दोघींकडून वेगवेगळं ऐकलं, तेव्हा खोटं निघालं तर दोष आम्हा तिघांत वाटा.

आजीनं बूच पुसलं, फुंकर मारली, बाटली सुनेला दिली. बाळानं बाटली बघूनच ओठ मिटले. सून रात्रभर जागी होती. रडून झालं होतं, गाणी म्हणून झाली होती. ती म्हणाली, "असं नाही राणी, असं प्यायचं. आई दाखवते बघ." आणि तिनं ते बूच स्वतःच्या तोंडात घातलं आणि ओढलं.

मग मोरीकडे धावल्याचा आवाज आला, आणि थुंकण्याचा, गुळण्यांचा, पुन्हा थुंकण्याचा. मला वाटलं, सून आजारी पडली.

ती परत आली. बाटली तिनं फेकली नाही, भांडं आपटलं नाही. तिनं टेबलावरचा ओला बोळा उचलला आणि सासूच्या तोंडासमोर धरला.

"चाटा."

"काय?"

"चाटा म्हणते ना."

"अग, ते स्पिरिट आहे, ते काय चाटायचं—"

"आई, चाटा!"

सहा वर्षांत त्या मुलीचा आवाज मी एवढा मोठा ऐकला नव्हता. फुंकरबाईनं जिभेचं टोक लावलं. मग तिनं बूच घेतलं, वाळलेलं, फुंकर मारून स्वच्छ केलेलं, आणि तेही चाटलं. मग चमचा. मग वाटीची कड. एकेक वस्तू घेऊन ती चाटत गेली, आणि प्रत्येक वस्तू कडू होती.

"हे माझं दूध नासलंय होय?" सून म्हणाली. "सगळ्या इमारतीत सांगितलंत. मला जिरं खायला लावलंत. आणि तुम्ही दिवसातून आठ वेळा माझ्या पोरीच्या तोंडात—" मग एवढंच ऐकू आलं, "तुम्ही हिच्याजवळ यायचं नाही."

फुंकरबाई तशीच कारखान्यात गेली. पायात दोन वेगवेगळ्या चपला. प्रयोगशाळेतल्या केमिस्टला तिनं विचारलं, "साहेब, कडू उडतं ना? स्पिरिटबरोबर?"

केमिस्ट तरुण, हसरा. "कडू कसलं उडतंय बाई! स्पिरिट उडतं, कडू तिथंच बसतं. थेंबभर कडूनं घागरभर पाणी बाटतं. अहो, वास मागे राहतो म्हणून तर आपलं कलोन विकलं जातं. एवढी वर्षं काम करता आणि—" मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

"पोटात गेलं तर?"

"विषारी नाही एवढ्यात. कुणी पोटात जाऊच देत नाही, इतकं कडू असतं. का?"

कुणी पोटात जाऊच देत नाही, हे ती पंधरा दिवस बघत होती.

आता तुम्ही म्हणाल, चला, गाठ सुटली. भांडी उकळली, नवं बूच आणलं, सुनेनं अंघोळ केली, झालं. आम्हालाही तसंच वाटलं. सुटकेचा श्वास टाकला आम्ही, मी आणि शिंप्यानं. पण बाळाला कोण सांगणार? त्या एवढ्याशा डोक्यानं एकच गोष्ट शिकून ठेवली होती: तोंडाजवळ जे येतं ते कडू असतं. नवं बूच आणलं, तोंड बंद. आईच्या अंगाला लावलं, किंचाळी. तिसरा दिवस गेला, चौथा गेला. दूध नळीतूनच. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "विसरायला वेळ लागेल. तो आपल्याकडे थोडा आहे."

आणखी एक गोष्ट सुनेनं हेरली. लिंबाचा वास आला की बाळ अंग आक्रसायचं. आजी दाराशी आली तरी पुरे. म्हणजे आजी स्वतःच बाळासाठी बोळा झाली होती.

हे मुलानं आईला सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे; मी जिन्यात नव्हतो, आणि त्याबद्दल मला पहिल्यांदाच बरं वाटलं. फुंकरबाईनं कलोनच्या बाटल्या गटारात ओतल्या. कारखान्यात जाऊन हात जोडले, खोकी चिकटवायच्या खोलीत बदली मागितली. तीन वेळा न्हायली, तरी तिच्या वेणीत वास होताच, वर्षभराचा मुरलेला. पाचव्या दिवशी ती शिंप्याच्या दुकानात आली आणि म्हणाली, "तुमची मोठी कात्री द्या."

"कापड कुठाय?" शिंपी म्हणाला.

तिनं वेणी पुढे घेतली. शिंप्याच्या हातानं होईना, तेव्हा तिनंच कापली, मानेपाशी, वाकडीतिकडी. या बाईच्या वेणीवरून मी वीस वर्षं थट्टा केली होती. तिथंच बसलो होतो. एक थट्टा सुचली, आणि गिळली.

तरी सुनेनं दार उघडलं नाही. म्हणजे घराचं उघडलं, बाळाच्या खोलीचं नाही. त्यामुळे फुंकरबाई पाजायच्या प्रत्येक वेळी घराबाहेर पडायची. दर तीन तासांनी. गुडघे धरून तीन जिने उतरायची, गेटजवळच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसायची, आणि अर्ध्या तासानं चढायची. दिवसातून आठ वेळा. मी तिच्यासोबत बसायचो. एकदा म्हणालो, "बाई, ते दूध नासल्याचं मीच सांगितलं शिंप्याला."

"माहितीय," ती म्हणाली. "तुम्ही सांगणार म्हणूनच तर तुम्हाला सांगितलं होतं."

तिचे हात मांडीवर होते. तीस वर्षांच्या स्पिरिटनं वाळलेले, पापुद्रे सुटलेले. ती हात उलटेसुलटे करून बघत होती, जणू कुणा दुसऱ्याचे तपासायला आलेत.

"माझ्या पोराला मी असंच पाजलं हो," ती म्हणाली. "बघा ना केवढा झालाय." आणि मग तिनं डोकं गुडघ्यांत घातलं आणि जे रडू आलं ते काही माणसाचं रडू वाटेना. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. मी त्यांना हातानं पुढे घालवलं.

सहावा दिवस, सातवा, आठवा. मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी तयार झाली. बसवाल्यानं रजा टाकली. सुनेनं बाळाचे कपडे पिशवीत भरले. तिनं बाटली आता बाजूलाच ठेवली होती. करंगळी साबणानं धुवायची, अंगावरच्या दुधात बुडवायची आणि बाळाच्या ओठांना नुसती टेकवायची. आत घालायची नाही. आठव्या दिवशी बाळ किंचाळलं नाही, एवढंच. ओठ मिटलेले ते मिटलेले.

नववा दिवस, दुपारची वेळ. ऊन कट्ट्यावरून सरकत होतं, आणि आम्ही उन्हाला चुकवत सरकत होतो. अर्धा तास होऊन गेला तरी फुंकरबाई उठली नाही. मी म्हटलं, "चला, झाली वेळ." ती म्हणाली, "गुडघे नाही म्हणतायत." खरं तर वर जाऊन ती भरलेली पिशवी बघायचं तिच्या जिवावर आलं होतं.

इतक्यात वरची खिडकी उघडली. सून खिडकीत उभी. केस पिंजारलेले, खांद्यावर फडकं. सात दिवस तिनं सासूशी एक शब्द उच्चारला नव्हता. ती खाली बघत राहिली. मग ओरडली,

"तीन!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"तीन काय?" मी ओरडलो.

"मिली! चमच्यानं! गिळले तिनं!"

पस्तीसातले तीन. उद्या चिठ्ठी घेऊन जायचंच होतं, डॉक्टरीणबाई काय म्हणतील कुणाला ठाऊक. तीन मिली म्हणजे किती, तर चहाचा अर्धा चमचा, वर चार थेंब. पण फुंकरबाई उठली. एका हातानं माझा खांदा धरला, इतका घट्ट की अजून दुखतो, आणि मान वर करून तिनं विचारलं,

"हात धुतले होतेस ना?"

मी डोळे मिटले. म्हटलं, संपलं, आता खिडकीतून कुंडी येते.

कुंडी आली नाही. मग सून म्हणाली, "धुतले होते." आणि पुढे, "तुम्ही अजून थोडा वेळ खालीच थांबा. आणखी एक चमचा देऊन बघते."

"थांबते," फुंकरबाई म्हणाली. "मी इथंच आहे. तू दे."

खिडकी बंद झाली. ती पुन्हा कट्ट्यावर बसली, आणि आम्ही दोघं वर बघत राहिलो.